‘का’वरून गाणं सांगा: विसरायला लागलेल्या माणसांबद्दल थोडंसं



“डॉक्टर, आईला नातवाचं नाव पटकन आठवत नाही, पण जुनी गाणी सगळीच्या सगळी पाठ आहेत. मग हा विसराळूपणा खरा आहे, की ती मुद्दाम करते?”

हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. विचारणारा बहुधा थकलेला मुलगा नाहीतर सून असते. शेजारच्या खुर्चीत बसलेली आई हे सगळं ऐकत असते. या प्रश्नाचं नीट उत्तर मला स्वतःलाच मागच्या वर्षी सापडलं, आणि तेही दवाखान्यात नव्हे. ते सापडलं टोकियोतल्या एका कराओकेच्या खोलीत. आज तीच गोष्ट सांगतो.

लहानशी खोली, दोन माईक

माझी मुलगी नोकरीसाठी टोकियोत आहे. निशी-कासाई भागात राहते. तिथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत. मागच्या एप्रिलमध्ये मी आणि माझी बायको तिच्याकडे तीन आठवडे राहिलो. तिला जपानी शिकवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलगी त्यांना ‘सेन्सेई’ म्हणते, म्हणजे आपल्या ‘बाई’ किंवा ‘गुरुजी’सारखं. एका रविवारी सेन्सेई आणि त्यांचे यजमान आम्हाला कराओकेला घेऊन गेले.

आपल्याकडे कराओके म्हटलं की हॉटेल किंवा लग्नाचा हॉल डोळ्यांपुढे येतो. अनोळखी लोकांसमोर उभं राहून गायचं आणि घाबरायचं. जपानमध्ये तासाच्या भाड्याने छोटी बंद खोली मिळते. सोफा, पडदा, दोन माईक, एखादी डफली, आणि गाणी शोधायला एक टॅब्लेट. आत फक्त आपली माणसं. ‘कारा’ म्हणजे रिकामं आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा शब्दाचं जपानी लघुरूप. थोडक्यात, गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद. कोबे शहरात वाजवणाऱ्या दाइसुके इनोऊए यांनी १९७१ मध्ये असं एक यंत्र बनवून भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. २००४ मध्ये त्यांना गमतीदार संशोधनासाठी दिलं जाणारं ‘इग नोबेल’ मिळालं, तेही शांततेसाठी. एकमेकांचं बेसूर गाणं सहन करायला शिकवल्याबद्दल, असं समजा.

अक्षराचा पत्ता काढायचा, त्यावरून गायचं

माझ्या मुलीने सोबत लहान मुलांचे अक्षरांचे पत्ते आणले होते. जपानी शिकताना तिने ते वापरले होते. खेळ असा ठरला: पत्ता ओढायचा, त्यावर जे अक्षर येईल त्याने सुरू होणारं गाणं टॅब्लेटवर शोधायचं आणि म्हणायचं. आपल्या भेंड्यांची चुलत बहीणच म्हणा. जपानी मुलं शब्दांच्या भेंड्याही खेळतात. त्या खेळाला ‘शिरितोरी’ म्हणतात. आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सांगायचा. ज्याचा शब्द ‘न्’ या अक्षरावर संपतो तो हरतो, कारण ‘न्’ने जपानी शब्द सुरूच होत नाही. आपल्याकडे ‘ण’ आणि ‘ळ’ आले की जशी पंचाईत होते, तसंच. ‘रू’ आलं तरी तिथे माणसं कपाळाला हात लावतात, कारण मूळच्या जपानी शब्दांची सुरुवात ‘र’ने होत नाही. तसे शब्द बहुतेक चिनीतून किंवा परदेशी भाषांतून आलेले.

मुलीने मला त्या अक्षरांचा क्रम म्हणून दाखवला आणि मी चाट पडलो. आ, ई, ऊ, ए, ओ. मग का, की, कू, के, को. त्यापुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी. ही तर आपली बाराखडी! योगायोग नाही हा. बौद्ध धर्माबरोबर संस्कृतची सिद्धम् लिपी जपानला गेली, तिथल्या भिक्षूंनी ती अभ्यासली आणि त्या अभ्यासातून त्यांच्या अक्षरांची ही मांडणी आली. आपला क, च, त, न, प, म, य, र, व हा क्रम शेजारी ठेवून बघा. ‘हा’ची ओळ ‘प’च्या जागी आहे, कारण जुन्या जपानीत तिचा उच्चार ‘पा’च्या जवळचा होता असं भाषाभ्यासक मानतात. कराओकेतली गाण्यांची यादीही याच क्रमाने लावलेली असते. पूर्वी टॅब्लेट नव्हते तेव्हा टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाडजूड पुस्तकं असत, त्यातही हाच क्रम.

माझी फजिती

मला पत्ता आला ‘सू’. मी खूश. कॉलेजच्या दिवसांपासून एकच जपानी गाणं माझ्या ओळखीचं होतं, ‘सुकियाकी’. क्यू साकामोतो यांचं. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. मुलीने मला त्याचे शब्द देवनागरीत लिहूनही दिले होते. मी ऐटीत टॅब्लेटवर ‘सू’ उघडलं आणि शोधत बसलो. मला हवं होतं ते गाणं काही सापडेना.

सेन्सेईंचे यजमान हसायला लागले. ‘सुकियाकी’ हे नाव परदेशातल्या लोकांनी ठेवलं. तो जपानमधला मांसाचा एक पदार्थ, त्याचा गाण्याशी काहीही संबंध नाही. गाण्याचं खरं नाव ‘उए ओ मुइते आरुको’. म्हणजे ते ‘ऊ’च्या कप्प्यात होतं. गाणं यंत्रात होतं, मला चालीसकट येत होतं, समोर कागदावर लिहिलेलंही होतं. तरी मिळत नव्हतं, कारण मी चुकीच्या चिठ्ठीवरून शोधत होतो.

वाचकहो, ही फजिती लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

सेन्सेईंना ‘का’ येतो

पुढचा पत्ता सेन्सेईंनी ओढला. ‘का’. अगदी सोपं अक्षर. जपानी गाण्यांत ‘का’ला काय तोटा! सेन्सेई पत्त्याकडे बघत राहिल्या. पाच सेकंद, दहा सेकंद. मुलीने हसत हसत “का, का...” असं दोनदा म्हटलं. सेन्सेईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण बोटं पत्त्याची कड चोळायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांना हीच अक्षरं शिकवलेली बाई. मी डॉक्टर आहे. ते बघताना माझ्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्यांच्या यजमानांनी काही विचारलं नाही. “आठव ना” असंही म्हणाले नाहीत. टॅब्लेट स्वतःकडे ओढला, एक गाणं लावलं, आणि चाल सुरू झाल्यावर माईकमध्ये हळूच पहिली दोन अक्षरं म्हणाले, “का-वा...” आणि थांबले. सेन्सेईंनी माईक उचलला आणि गाऊ लागल्या. हिबारी मिसोरा यांचं १९८९ सालचं गाणं, ‘कावा नो नागारे नो यो नी’, म्हणजे नदीच्या प्रवाहासारखं. पडद्यावर शब्द येत होते, पण त्यांनी तिकडे बघितलंच नाही. शेवटपर्यंत एक शब्द चुकला नाही. माझी बायको त्या भाषेतलं एक अक्षर न कळता डोळे पुसत होती.

परतताना स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. सेन्सेई आणि माझी बायको पुढे होत्या. यजमान मुलीशी काहीतरी बोलले. तिने मला सांगितलं, “बाबा, ते म्हणतायत की दोन वर्षांपासून असं होतंय. उपचार चालू आहेत. ते म्हणतात, हिने जन्मभर परीक्षा घेतल्या, आता घरात कुणी हिची परीक्षा घ्यायची नाही, असं आम्ही ठरवलंय.”

मेंदूत नेमकं काय होतं?

आता थोडं शास्त्र.

आपला मेंदू शब्द अक्षरांच्या क्रमाने ठेवत नाही. तो ते अर्थाच्या नात्याने ठेवतो. आंबा म्हटलं की फणस, काजू, कोकण आठवतं. ‘आं’वरून आंघोळ आठवत नाही. म्हणून “फळांची नावं सांगा” हे काम तुलनेने सोपं, आणि “‘क’ने सुरू होणारे शब्द सांगा” हे अवघड. दुसऱ्या कामात अर्थाचा रस्ता सोडून आवाजाच्या आडवाटेने शोधावं लागतं, नको ते शब्द बाजूला सारावे लागतात, आधी काय सांगितलं तेही ध्यानात ठेवावं लागतं. हे काम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाचं, बहुतेकांत डाव्या बाजूचं.

म्हणूनच स्मृतीच्या तपासणीत ही चाचणी असते: एका मिनिटात एका अक्षराने सुरू होणारे जास्तीत जास्त शब्द सांगा. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत ११ किंवा अधिक शब्द आले तर त्या प्रश्नाचा गुण मिळतो. इंग्रजीत त्यासाठी ‘एफ’ हे अक्षर असतं, आणि जपानीत ‘का’. सेन्सेईंच्या हातात आलेला पत्ता नेमका तोच होता.

गाण्याचं तसं नसतं. पाठ झालेलं गाणं ही एक साखळी असते. चाल शब्दाला ओढते, शब्द पुढच्या शब्दाला ओढतो. आरतीच्या तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ सांगा म्हटलं तर तुम्हीही पहिल्यापासून मनात म्हणायला लागाल. वारंवार म्हणून पक्की झालेली ही साखळी मेंदूच्या अनेक भागांत पसरलेली असते. अल्झायमरसारख्या आजारात नव्या आठवणी आधी जातात, पण तरुणपणी मनात बसलेली गाणी बरेचदा पुष्कळ काळ टिकतात. अर्धांगवायूनंतर बोलता न येणारे काही रुग्ण गाण्याचे शब्द मात्र म्हणू शकतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: तुमची आई नाटक करत नाही. नाव न आठवणं खरं आहे आणि गाणं आठवणंही खरं आहे. गाणं यंत्रात आहे, चिठ्ठी हरवली आहे. मी ‘सू’मध्ये शोधत बसलो होतो तसंच.

आणखी एक गोष्ट मी त्या खोलीत पाहिली. तेच अक्षर दोन प्रकारे वापरता येतं. “‘का’वरून सांग बघू” म्हटलं की ती परीक्षा होते. चाल लावून “का-वा...” म्हणून थांबलं की तोच आधार होतो. शब्द जिभेवर येऊन अडला असेल, तर त्याचा पहिला आवाज कानावर पडला की तो पुष्कळदा सुटतो. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ ही युक्ती रोज वापरतात.

आता माझी चूक

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या आधीच्या गणपतीत आमच्या गावच्या घरी भेंड्या चालल्या होत्या. आई मध्यभागी बसली होती. वय ८१. एके काळी भेंड्यांत तिला हरवणारा कुणी नव्हता. तिच्यावर ‘म’ आला. तिला सुचेना. मुलांनी मोठ्याने दहा आकडे मोजले आणि “आजीवर भेंडी चढली!” म्हणून ओरडली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आई “मोदकांचं बघते” म्हणून आत गेली आणि परत आली नाही. मोदक केव्हाच झाले होते.

मी तिथेच होतो. बहिणीने विचारलं, “दादा, आईचं काही वेगळं वाटतंय का रे?” मी म्हणालो, “वय झालं गं. चालायचंच.”

एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाने हे वाक्य माझ्यासमोर उच्चारलं असतं, तर मी त्याला अर्धा तास समजावलं असतं. आपल्या आईच्या बाबतीत मी आठ महिने घालवले.

परत आल्यावर आईची नीट तपासणी केली. बी-१२ बरंच कमी निघालं. ती पूर्ण शाकाहारी, शिवाय पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, म्हणजे भेंड्यांत अक्षरच धड ऐकू येत नसणार. आणि झोप येत नाही म्हणून ती शेजारणीच्या सांगण्यावरून सर्दीची गोळी रोज रात्री घेत होती. या गोळ्यांनी म्हातारपणी गोंधळ वाढतो. गोळी बंद केली, बी-१२ची इंजेक्शनं दिली, कानाला यंत्र लावलं. चार महिन्यांत फरक दिसला. सगळं पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. मेंदूविकारतज्ज्ञांच्या मते स्मृतिभ्रंशाची सुरुवातही आहे, आणि त्याचे उपचार वेगळे चालू आहेत. पण जे सुधारण्यासारखं होतं ते आठ महिने तसंच राहिलं, आणि तेवढा काळ ती स्वयंपाकघरात जाऊन बसत राहिली.

तुम्ही काय करावं?

१. घरात परीक्षा घेऊ नका. “ओळख बघू मी कोण?” हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी समोरच्याला घाम फोडतो. “आई, मी अमुक, आत्ताच आलो” असं स्वतःच सांगा. मिनिटात शब्द मोजायची चाचणीही घरी करू नका. तिचा निकाल शिक्षण, भाषा, ऐकू येणं, भीती या सगळ्यावर अवलंबून असतो. शाळेची पायरी न चढलेल्या हुशार बाईला अक्षरावरून शब्द सांगणं अवघड जातं, तो आजार नव्हे.

२. “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचे हिशेब किंवा नेहमीचा स्वयंपाक गडबडणं, स्वभाव बदलणं, आवडत्या गोष्टींतून अंग काढून घेणं, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

३. सुधारता येणारी कारणं आधी शोधा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, रक्तातलं सोडियम किंवा साखर कमी होणं, नैराश्य, ऐकू न येणं, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त. तपासणीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्यासुद्धा.

४. बोलण्यात अचानक बदल झाला तर वाट पाहू नका. एकाएकी शब्द सुचेनासे झाले, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त.

५. गाणं जरूर म्हणा, पण आधाराच्या पद्धतीने. ज्येष्ठांच्या तरुणपणातली गाणी, ओव्या, अभंग, आरत्या निवडा. टीव्ही बंद करा. कानाचं यंत्र लावा. तुम्ही सुरुवातीचं एखादं अक्षर सुरात म्हणा आणि थांबा. घाई नको, मनात दहापर्यंत मोजा. आलं तर छान. नाही आलं तर पुढचा शब्द तुम्हीच म्हणा आणि चालू ठेवा.

६. जास्त अपेक्षा ठेवू नका. गाण्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. मन प्रसन्न होतं, चिडचिड कमी होऊ शकते, श्वासाला व्यायाम मिळतो, आणि घरातली माणसं एकत्र बसतात. जपानमध्ये वृद्धांच्या केंद्रांत कराओके सर्रास असतं ते याचसाठी. औषधं मात्र सुरूच ठेवायची.

या वर्षीचा गणपती

या वर्षी आम्ही भेंड्यांचा नियम बदलला. आकडे मोजायचे नाहीत, भेंडी चढवायची नाही. आईची पाळी आली तेव्हा मी तिच्या यंत्र लावलेल्या कानाशी गेलो. ती पूर्वी जात्यावर म्हणायची त्या ओवीच्या चालीत नुसतं “प...” म्हणून थांबलो. तिने माझ्याकडे बघितलं. मग खालचा ओठ जरा पुढे काढून, मांडीवर ताल धरत, सात ओव्या ओळीने म्हटल्या. मुलं चिडीचूप. संपल्यावर ती मला म्हणाली, “अरे, तू कोणत्या पट्टीत सुरू केलंस? फार वर धरलं होतंस.”

माझा सूर चुकला हे तिच्या लक्षात आलं होतं. मी मान्य केलं.

काळजी घ्या. आणि आज घरी गेल्यावर घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांची पिशवी एकदा उघडून बघा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही औषध आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नये.)